काकीजींची गाळणी

आमच्या घरमालकीण काकीजी आपल्या जेठांशी रोज भांडायच्या, आणि त्या दोघांना एकमेकांशी थेट एक शब्द बोलताना मी कधी ऐकलं नाही. मारवाडी घरातला रिवाजच तो. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि तोंड बंद ठेवायचं. काकीजींनी पदर इमानेइतबारे ओढला. तोंडाचं मात्र त्यांनी आपलं आपण ठरवलं होतं. त्या खांबाला सांगायच्या, भिंतीला सांगायच्या, कामवाल्या सखूबाईला सांगायच्या, आणि आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आल्यापासून मला सांगायच्या. "मास्तरीण, सांग भाईजींना," अशी सुरुवात व्हायची. भाईजी म्हणजे हेच जेठ. ते तिथेच, दोन हातांवर, गादीवर बसलेले असायचे. "मास्तरीणबाई, त्यांना म्हणावं," असं त्यांचं उत्तर निघायचं. मी नुसती मध्ये उभी. निरोप पोचवायची गरजच नसायची, पण मध्ये कुणीतरी असावं लागायचं, नाहीतर भांडणाला तोंडच फुटत नसे.

मी मूळची धुळ्याची. जळगावला मुलींच्या शाळेत नोकरी लागली होती, आणि आमचे हे दीपनगरला विजेच्या कामावर. ते रविवारपुरते यायचे, म्हणून एकटीला बरी अशी जागा हवी होती. घर दाखवताना काकीजींनी एकच प्रश्न विचारला. "मासे खाता?" मी खरं ते सांगितलं, की माहेरी खातो, इथे चुलीवर चढवणार नाही. त्या म्हणाल्या, "चढवू नको. आणि आमच्या माशांकडे तशा नजरेने बघू पण नको. त्यांना कळतं." जैन घरात मासे कसले, हे विचारायचं धाडस मला त्या दिवशी झालं नाही.

काकीजी सगळं गाळायच्या. पाणी, दूध, ताक, कढवलेलं तूप. मीठसुद्धा चाळून घ्यायच्या. अंगणात आड होता. आडाचं पाणी दुहेरी जाड कापडातून गाळायचं, हे त्यांच्यात सगळ्याच घरी करतात. पण गाळून झालं की काकीजींचं खरं काम सुरू व्हायचं. ते कापड उलटं धरून त्यावर गाळलेल्याच पाण्याची हलकी धार सोडायची, म्हणजे कापडात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव खालच्या लोट्यात उतरतात. ही जिवाणी. तिच्यासाठी बुडाला कडी असलेला एक वेगळा लोटा होता. तो दोरीने सावकाश आडात सोडायचा, पाण्याला टेकला की अलगद उलटा होऊ द्यायचा. मी एकदा म्हटलं, "काकीजी, वरूनच ओतलं तर नाही का चालणार?" त्या म्हणाल्या, "तुला वरच्या मजल्यावरून अंगणात ओतलं तर चालेल?"

जीव ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत, यावर त्या कुणाचं काही ऐकून घेत नसत. भाईजींनी नगरपालिकेत खेटे घालून घरात नळ घेतला, तेव्हा अख्ख्या गल्लीत कौतुक झालं. काकीजींनी नळाखाली तांब्या धरला नाही. "मास्तरीण, सांग त्यांना, नळाच्या पाण्याला घरच नाही. गाळलेले जीव परत कुठे सोडायचे? नळात?" भाईजींनी नळाचं पाणी प्यायचं चालू ठेवलं आणि काकीजींनी आडाचं.

मासे कसे आले, ते मला सखूबाईने सांगितलं. काकीजी दात काढायला गेल्या आणि मासे घेऊन आल्या. दातांचे डॉक्टर गाव सोडून चालले होते. दवाखान्यात काचेची टाकी, तिच्यात सोनेरी मासे. सामानाची बांधाबांध चाललेली. माशांचं काय करणार, असं कुणीतरी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "बघू, देऊ कुठेतरी ओतून." काकीजींच्या तोंडात कापसाचा बोळा होता. बोलता येईना, तर त्यांनी हमालाच्या पाठीवर थाप मारली आणि टाकीकडे बोट दाखवलं. टाकी, हवेचा पंप, नळ्या, मासे घातलेल्या बादल्या अशी सगळी वरात हातगाडीवरून घरी आली. त्या दिवशी भांडण झालं नाही. भाईजींनी तेवढ्या संधीत बोलून घेतलं असतं तर जिंकले असते, असं मला अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी बोळा निघाला आणि भांडण जुंपलं, ते मी राहायला आले तेव्हाही चालूच होतं. भाईजींचा विरोध साधा होता आणि प्रामाणिकही होता. "मास्तरीणबाई, त्यांना म्हणावं, घरात जीव कोंडून ठेवायचे आणि स्थानकात साधूंसमोर बसून जीवदयेवरचं व्याख्यान ऐकायचं, हे एका तोंडाने होत नाही. कैद ती कैदच." हे वाक्य मी त्या घरात इतक्यांदा पोचवलं की झोपेतही म्हटलं असतं. काकीजींचं उत्तर तयार असायचं. "सांग त्यांना, पांजरपोळात गाई दावणीला बांधतात ती कोणती मोकळीक?" भाईजी पांजरपोळाचे विश्वस्त होते.

काकीजींना मूलबाळ नव्हतं. नवरा तरुणपणीच गेलेला. घराच्या किल्ल्या जेठाणीकडे, म्हणजे थोरल्या जावेकडे, दुकान भाईजींकडे, आणि कोणत्या सणाला काय शिजवायचं हेसुद्धा आधी ठरलेलं. त्या घरात काकीजींनी स्वतः निवडलेली अशी एकच गोष्ट होती, ती टाकी. म्हणून भाईजींनी फार रेटलं तेव्हा त्यांनी मला मध्ये उभं करून ठणकावलं, "सांग त्यांना, माझ्या हातून एक जरी मासा गेला, तर ही टाकी मीच उचलून देईन. तोवर तिला कुणी हात लावायचा नाही." भाईजी म्हणाले, "मास्तरीणबाई, तुम्ही साक्षीदार." मी मान डोलावली. जळगावचा उन्हाळा माणसांना जुमानत नाही, तिथे काचेतल्या माशांचं काय?

मासेही त्या घरातले होऊन गेले. गव्हाच्या कणकेच्या बारीक गोळ्या, उकडलेला पालक, डाळीचं पीठ. सूर्य मावळायच्या आत जेवण, मग सकाळपर्यंत काही नाही. काळ्या शेपटीचा एक जाडा मासा दिवसभर काचेलगत येरझाऱ्या घालत तोंड हलवायचा, जणू मनातल्या मनात आकडेमोड करतोय. त्याचं नाव मुनीमजी.

काकीजींचा खरा जीव मात्र टाकीच्या कोपऱ्यातल्या डबीत अडकलेला असायचा. प्लॅस्टिकची भोकाभोकांची डबी. पंपाची हवा तिच्यातल्या नळीतून बुडबुडे होऊन वर जायची आणि त्या ओढीने टाकीचं पाणी डबीतून गाळून निघायचं. डॉक्टरांनी तिच्यात काचेचा कापूस आणि कोळसा भरला होता आणि सांगून ठेवलं होतं की कापूस मळला की फेकायचा आणि नवा घालायचा. तो कापूस बोटांत टोचायचा. पण काकीजींना खटकलं ते फेकणं. "गाळणं फेकून देतात का कुणी? त्यात जीव बसलेले असतात." आणि मग डबीत काय भरायचं याचा शोध सुरू झाला. घरातलं कोणतंही माणूस त्यातून सुटलं नाही.

आधी साधा कापूस. जळगावात जिनिंगला काय तोटा! सरकी काढलेला पांढराशुभ्र कापूस आला, दोन दिवसांत त्याचा लगदा झाला आणि वास सुटला. मग फैजपूरच्या एका आडत्याकडून केळीच्या खांबांचे सोपट मागवून, सोलून, त्याचे धागे भरले. पाणी चहासारखं झालं. नारळाची शेंडी झाली. परटाकडचा बाभळीचा कोळसा झाला. कोळशाने पाण्याचा रंग आणि वास छान जायचा, पण थोड्या दिवसांनी तो काम करेनासा व्हायचा. "पहिले चार दिवस जावयासारखा, नंतर घरजावयासारखा," असं म्हणून काकीजींनी त्याला निवृत्त केलं. तळाला घालायला गिरणा नदीतले गोटे आले, तर त्या प्रत्येक गोट्यावर लिंबू पिळायच्या. फेस आला की त्यात चुना आहे, म्हणजे तो गोटा बाहेर. अंगणात बसून दगडांवर लिंबं पिळणारी बाई पाहून येणारेजाणारे काय म्हणत असतील, याची त्यांना पर्वा नव्हती.

त्या वर्षांत नायलॉनच्या साड्यांचं फार वेड होतं. काकीजींच्या भावाने मुंबईहून एक पाठवली, फिकट रंगाची, नेसायला त्यांना चालेल अशी. जेठाणी दोन दिवस तिच्यावरून हात फिरवत होती. तिसऱ्या दिवशी काकीजींनी कात्री घेतली. मी अक्षरशः हात धरला. "अहो, नवी साडी!" "नवीच पाहिजे. हे कापड कुजत नाही, पाण्यात फुगत नाही, धुतलं की पुन्हा तसंच. मास्तरीण, अंगावर घालून कुणाला दाखवू?" पदराच्या पट्ट्या झाल्या, पट्ट्यांच्या गुंडाळ्या झाल्या, आणि मोठी घाण अडवायला डबीत वरती जाऊन बसल्या.

खाली काय घालायचं ते माठाने सांगितलं. उन्हाळ्यात एक माठ फुटला. काकीजी बराच वेळ खापराचा तुकडा हातात घेऊन बसल्या. "जे पाझरतं त्याच्या आत जागा असते," त्या म्हणाल्या. "दगडाला नुसती पाठ असते. जीव राहायला जागा पाहिजे ना." बोराएवढे तुकडे करून, धुऊन धुऊन ते डबीत भरले. महिन्याभरात टाकी अशी निवळली की मासे हवेत टांगल्यासारखे दिसायला लागले. डबी धुवायची पद्धतही त्यांची स्वतःची. टाकीतलंच पाणी परातीत काढायचं, त्यात खापर आणि नायलॉन हलक्या हाताने हलवायचं, पुन्हा भरायचं. परातीतला गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी टाकीत परत, तळाचं मोगऱ्याला. त्यातलं मूठभर खापर आणि दोन पिल्लं त्यांनी मलाही दिली. वर माझ्या खिडकीत एका काचेच्या बरणीत ती वाढू लागली.

एकही मासा न दगावता अशी वर्षं गेली आणि एक चातुर्मास आला. स्थानकात उतरलेल्या साध्वी, महासतीजी, घरी गोचरीला म्हणजे भिक्षेला येणार असं ठरलं. भाईजींनी घर डोक्यावर घेतलं. भिंती पुसल्या, भांडी घासली. काकीजी सकाळी व्याख्यानाला गेलेल्या. भाईजींची नजर त्या डबीवर गेली. नायलॉन मळकट, खापर तपकिरी, बुळबुळीत. मला आजही त्यांचा राग येतो, पण त्यांच्या मनात पाप नव्हतं. उलट पुढाकार घेऊन, या जन्मात पहिल्यांदा त्यांनी टाकीसाठी काही करायचं ठरवलं. महासतीजी उकळलेलं पाणीच घेतात, भाईजीही वर्षानुवर्षं तसंच पीत होते, तेव्हा त्यांच्या लेखी त्याहून शुद्ध काही नव्हतं. त्यांनी हंडाभर पाणी उकळलं, सगळं त्यात बुडवलं, चोळून लख्ख केलं आणि डबी जशीच्या तशी भरून ठेवली. कुणाला सांगितलं नाही.

दोन-तीन दिवसांनी मी शाळेतून येते तोच खालून सखूबाईची हाक. "काकीजी, वो काकीजी! बठ्ठं पानी पांढरं व्हयी गयं! मासा वर ई राहिनात!" टाकी ताकासारखी झालेली. मासे पाण्यावर तोंडं काढून धापा टाकत होते. काकीजींनी डबी काढली. खापर गुलाबी, आत्ताच कुंभाराकडून आणल्यासारखं. त्यांनी ते नाकाशी नेलं. एरवी त्याला ओल्या मातीचा वास असायचा. "वास नाही," त्या म्हणाल्या. मग आवाज चढवून, साऱ्या घराला, "याला कुणी हात लावला?"

जेठाणीने सखूबाईकडे पाहिलं. सखूबाई रडायच्या बेतात. गादीवरून आवाज आला, "मास्तरीणबाई, त्यांना म्हणावं, मी धुतलं. उकळत्या पाण्याने. माझ्या हातांनी."

मला वाटलं आता छप्पर उडणार. काकीजींचा आवाज उलट खाली आला. "मास्तरीण, विचार त्यांना. पाणी उकळलं की त्यात काय राहतं?"

भाईजींनी कोपऱ्यातल्या हंड्याकडे पाहिलं.

"विचार त्यांना. रोज मी दोरी धरून आडात परत सोडते, ते कशाला सोडते? या खापरात तेच होते. मुंगीवर पाय पडेल म्हणून खाली बघून चालणारा माणूस. विचार त्यांना, किती शिजवले?"

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी पुढे मला पुस्तकातून हेच सांगितलं, की माशांची घाण पचवणारे सूक्ष्म जीव गाळणीत वस्ती करतात आणि ते मेले की पाण्याचं विष होतं. पण त्या दिवशी भाईजींना कुठलंही पुस्तक लागलं नाही. त्यांचा चेहरा पडला. माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता. ते उठले, चपला न घालताच स्थानकाकडे गेले.

मी धावत वर जाऊन बरणीतलं खापर आणलं. काकीजींनी ते डबीत घातलं, आडाचं पाणी गाळून थोडं थोडं बदलत राहिल्या, जेवल्या नाहीत. मासे हळूहळू खाली उतरले. मुनीमजी मात्र उतरले नाहीत. दुसऱ्या सकाळी ते पाण्यावर आडवे होते.

काकीजींनी त्यांना मोगऱ्याखाली पुरलं, हात धुतले आणि सखूबाईला म्हणाल्या, "हमालाला बोलाव." मी भडकले. म्हटलं, "अहो, तुमची काय चूक? कशाला देता टाकी?" त्या म्हणाल्या, "वचन दिलं होतं. आता उद्या जेठाणी म्हणेल, मासा मेला आणि हिने शब्द फिरवला. मी कुणाला तेवढं सुख देणार नाही." पदराआड त्या रडत होत्या, ते आवाजावरून कळत होतं.

हमाल आला. तेवढ्यात भाईजी आत आले. त्यांनी तीन दिवसांच्या उपवासाचं पच्चक्खाण, म्हणजे व्रत, घेतलं होतं. हमालाला त्यांनी दारातच अडवलं. "मास्तरीणबाई, त्यांना म्हणावं, वचन त्यांच्या हातांचं होतं. मासा माझ्या हातून गेला. टाकी हलणार नाही."

हमाल दारातूनच परतला. मग पदराआडून आवाज आला. "सांग त्यांना, पारण्याच्या दिवशी मुगाचं पाणी मी करीन. जेठाणीला जमत नाही, खारट करते."

आता भाईजी विरघळले असतील असं वाटलं तर कसलं काय. पारणं झालं, दुपारी ते गादीवर टेकले आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, त्यांना म्हणावं, तरीपण कैद ती कैदच." काकीजी पांजरपोळावर आल्या. मी मध्ये उभी राहून हसत सुटले आणि दोघांनीही मला झापलं.

पुढे मला धुळ्याच्या शाळेत जागा मिळाली. निघताना काकीजींनी नायलॉनच्या फडक्यात ओलं खापर बांधून दिलं. "वाळू देऊ नको. पारोळ्याला गाडी थांबली की पाणी शिंपड." एवढंच. निरोपाचं एक अक्षर नाही. मी एसटीत ते गाठोडं मांडीवर घेऊन बसले, साडी ओली झाली. धुळ्याला आईने विचारलं, "जळगावहून काय आणलंस?" मी गाठोडं सोडून दाखवलं. आई म्हणाली, "फुटक्या माठाचे तुकडे धुळ्यात मिळत नाहीत का?" मी तिला सगळं समजावून सांगितलं आणि तिला काही पटलं नाही. माझी टाकी मात्र झाली.

काकीजी गेल्याचं कळलं तेव्हा मी जळगावला गेले. बायका बैठकीत बसल्या होत्या. मी टाकीच्या नेहमीच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. टाकी नव्हती. भिंतीवर नुसता ओलीचा डाग. बाई जाऊन पंधरवडा होत नाही तोवर! मी तशीच उठले आणि भाईजींच्या खोलीत शिरले. फार थकले होते ते. मला पाहून त्यांनी हाताने दाखवलं. टाकी त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी होती. पंप चालू होता.

"त्या कोपऱ्यात दुपारचं ऊन यायला लागलं," ते म्हणाले. "मला पटत नाही अजून. पण त्या गेल्या म्हणून मासे थोडेच जातात?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "मास्तरीणबाई, सून म्हणून आल्या तेव्हापासून एका छपराखाली राहिलो. चेहरा पाहिला तो शेवटच्या दिवशी. आवाज मात्र मी हजारांत ओळखला असता."

डोळे टिपून मी टाकीजवळ गेले. डबीतून बुडबुडे अगदी मंद येत होते. आत पाहिलं तर निम्मं खापर काढून टाकलेलं आणि त्याजागी बारीक वाळू ठासून भरलेली.

"हे कुणी केलं?"

"मी. खापर फार भरायच्या त्या. वाळूने पाणी जास्त गाळलं जातं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात इतकी आशा होती की मला ते सोसवेना. "सांगा बरं मास्तरीणबाई, त्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

त्यांना काय हवं होतं ते मला कळत होतं. पण मी मेलेल्या माणसाचे निरोप आणणार नव्हते.

"त्या काय म्हणाल्या असत्या ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी म्हणते, वाळू काढा. ती गच्च बसलीय, पाणी पुढे जात नाही."

भाईजी ताठ बसले. "नाही काढणार."

"मग मी काढते." मी पदर खोचला, बांगड्या मागे सारल्या आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.

"मास्तरीणबाई! हे माझं घर आहे!" भाईजी एवढ्या जोराने ओरडले की बैठकीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ओरडा," मी म्हणाले. "आणखी मोठ्याने ओरडा. वाळू निघणार म्हणजे निघणार."